जुन्या रानाची रीत
इंग्लंडात नव्याने आलेल्या भाचीला मावशीचा कानमंत्र

पोरी, राजवाडे आणि म्युझियमं पावसाळी दिवसांसाठी ठेव. स्लाऊमध्ये घर घेतलं आहेस, तर आधी उत्तरेला चार-पाच मैलांवरचं बर्नहॅम बीचेस बघून ये. बीच हे इथलं झाड, गुळगुळीत राखाडी खोडाचं, आणि त्याच्याच नावाचं हे सुमारे 220 हेक्टरांचं रान. आत जायला तिकीट नाही. गाडी लावायचे पैसे पडू शकतात, तेवढा फलक वाच. मात्र इंग्लंडातल्या जुन्या रानात आणि भोवतालच्या शेताशिवारात वावरायची एक रीत आहे. इथल्या मुलांना ती आजोबांचं बोट धरून चालताना कळते. तुमच्या घरात ती सांगणारं इथे कुणी नाही, म्हणून मी सांगते. जावईबापूंनाही वाचून दाखव.

आधी रान ओळख

आपल्याकडे देवराई टिकली ती देवाच्या धाकाने. तिथली काडी मोडायची नाही, वाळलेलं लाकूडही घरी आणायचं नाही. इंग्लंडातलं जुनं रान टिकलं ते उलट्या वाटेने. लोक शतकानुशतकं ते तोडत राहिले, पण ठरवून, पाळीपाळीने. हेझल, अ‍ॅश अशी झाडं जमिनीलगत कापायची, मग बुंध्यातून नवे सरळ सोट फुटायचे आणि काही वर्षांनी ते परत कापायचे. उसाचा खोडवा राखतात ना, तसंच. याला इथे कॉपिसिंग म्हणतात. असा बुंधा न कापलेल्या झाडापेक्षा कितीतरी जास्त जगतो. सफोकमधल्या ब्रॅडफील्ड वुड्समध्ये ही तोड 1252 पासून चालू असल्याची नोंद आहे.

जिथे रानात गुरंही चरायची, तिथे जमिनीलगतचे कोंब गुरांनी खाल्ले असते. म्हणून तिथे झाड माणसाच्या डोक्याच्या वर, गुरांचं तोंड पोचणार नाही अशा उंचीवर छाटायचे. हे झालं पोलार्ड. बर्नहॅम बीचेसमधली ठेंगणी, जाडजूड, पोकळ, गाठीगाठींची बीचची झाडं म्हणजे असेच पोलार्ड आहेत. त्यांतली अनेक चार-पाचशे वर्षांची आहेत, आणि ‘ड्रुइड्स ओक’ नावाचा एक ओक तर आठशे वर्षांचा मानतात. गावकऱ्यांना सरपण मिळायचं, गुरांना चारा मिळायचा आणि शरद ऋतूत डुकरांना खाली पडलेली बीचची फळं मिळायची. कुणी किती घ्यायचं हे ठरलेलं असे. पुढे कोळसा आला, सरपणाची गरज संपली आणि सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ही छाटणी थांबली. छाटणी थांबल्याने फांद्या वाढत गेल्या आणि आता पोकळ खोडांना त्यांचा भार पेलवत नाही. म्हणून तिथले लोक जपून, थोडं थोडं करून त्या हलक्या करतात. फांदी कापलेली दिसली तर "बघा, झाडं तोडताहेत" म्हणून हळहळू नकोस.

इंग्लंडात 1600 सालापासून अखंड असलेल्या रानालाच सरकारदरबारी ‘प्राचीन रान’ म्हणतात. साऱ्या ब्रिटनच्या जमिनीत अशा रानाचा वाटा जेमतेम अडीच टक्के आहे. बर्नहॅम बीचेसही जवळजवळ हातचं गेलं होतं. 1879 मध्ये मोठमोठी घरं बांधायला योग्य जमीन म्हणून ते विक्रीला निघालं. लोकांनी ओरड केली आणि 1880 मध्ये लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने ते सर्वांसाठी विकत घेतलं. आज ते राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. हे सगळं आधी सांगते, कारण खालचे सारे मंत्र एकाच गोष्टीतून आले आहेत: हे रान वापरासाठी आहे, पण मापात.

कधी जायचं

नव्याने आलेले लोक उन्हाळ्यात जातात आणि नुसती हिरवी सावली बघून परततात. बीचची सावली इतकी दाट असते की तिच्याखाली फारसं काही उगवत नाही. खरी मजा तीन वेळा असते.

एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत बीचला कोवळी, उजेड आरपार दिसणारी पालवी येते आणि रानाच्या जमिनीवर निळ्या ब्लूबेलची फुलं पसरतात. वर पानं दाटण्याआधी जो काही उजेड खाली पोचतो, तेवढ्यात या फुलांना आपला वर्षाचा संसार उरकायचा असतो. म्हणून पंधरवडा चुकला की गेलं. ब्लूबेलचे मोठे गालिचे बघायचे असतील तर चिल्टर्न टेकड्यांतल्या अ‍ॅशरिजला जा.

ऑक्टोबर संपताना आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बीच तांबूस-सोनेरी होतो. तेव्हा गर्दी असते, सकाळी लवकर पोच.

तिसरी वेळ कुणी सांगत नाही, ती फेब्रुवारीची. पानं नसतात, त्यामुळे पोलार्डांचे आकार स्पष्ट दिसतात आणि जमिनीवर लिहिलेला इतिहासही वाचता येतो. जुन्या रानाच्या कडेने मातीचा बांध आणि बांधाच्या बाहेरच्या अंगाला चर असतो. बाहेरच्या गुरांनी आत येऊन कोंब खाऊ नयेत म्हणून तो खणलेला. असा बांध नागमोडी आणि रुंद असेल तर रान बहुधा मध्ययुगापासूनचं. बर्नहॅम बीचेसमध्ये तर लोहयुगातल्या गढीच्या खुणा आहेत आणि एका मध्ययुगीन वाडीभोवतीचा खंदक आहे. उन्हाळ्यात नेचे वाढले की यातलं निम्मं झाकलं जातं.

आणि घड्याळ सांभाळ. जूनमध्ये इथे रात्री नऊ-सव्वानऊपर्यंत उजेड असतो, डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, आणि झाडांखाली त्याच्याही अर्धा तास आधी अंधारून येतं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, त्या आठवड्यात हमखास लोकांची फसगत होते. हिवाळ्यात दुपारी दोनला परतीची वाट धरायची.

पायात, अंगात, पिशवीत

जीन्स घालू नकोस. भिजली की दिवसभर वाळत नाही आणि मांड्या गारठतात. लवकर वाळणारी पॅन्ट, त्यात आत खोचलेला लांब बाह्यांचा सदरा, आणि आकाश निरभ्र असलं तरी पाणी न झिरपणारं जाकीट. या भागात बरीच चिकणमाती आहे, ऑक्टोबर ते मार्च वाटेवर घोट्याइतका चिखल असतो. घोटा धरून ठेवणारे चालायचे बूट किंवा गुडघ्यापर्यंतचे रबरी वेलिंग्टन बूट हवेत. जावईबापूंचे पांढरे स्पोर्ट्स शूज घरीच राहू देत. बुटांचा दुसरा जोड आणि मोजे गाडीत ठेवा, आणि चिखलाचे बूट ठेवायला एक जाड पिशवी.

चिखलाचं डबकं आलं तर ते टाळायला वाट सोडून कडेच्या झुडपांतून जाऊ नकोस. प्रत्येकाने तसं केलं की दोन फुटांची वाट वीस फुटांची होते आणि मधली फुलं मरतात. बूट त्यासाठीच आहेत, चिखलातूनच जा. एसेक्समधल्या हॅटफील्ड फॉरेस्टमध्ये तर ओल्या हिवाळ्यात गवताच्या रुंद वाटांवर चालू नका अशी विनंतीच करतात.

डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या किंवा दशम्या आणि कोरडी चटणी ने, पातळ काही नको. थर्मासात चहा. पाणी भरपूर, कारण रानात नळ नसतो. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी मुखपृष्ठाचा ‘एक्सप्लोरर’ नकाशा विकत घे. त्यात चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि लोकांच्या वहिवाटीच्या पायवाटा हिरव्या तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. फोनवरचा नकाशा आधी उतरवून ठेव, झाडीत रेंज जाते. काही झालंच तर 999 हा नंबर.

वाट कुणाची

आपल्या माणसांना सगळ्यात अवघड जातं ते हे. इथे लोकांच्या शेतातून, गव्हाच्या ऐन मधून, कधी कुणाच्या अंगणालगत पायवाट जाते आणि तिच्यावरून चालायचा तुला कायद्याने हक्क आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा वाटा सुमारे दोन लाख पंचवीस हजार किलोमीटर भरतात. शेतकऱ्याने वाट नांगरली तर पंधरवड्याच्या आत ती पुन्हा नीट करून द्यायची असते, आणि पिकातून जाणारी पायवाट किमान एक मीटर रुंद मोकळी ठेवायची असते. म्हणून हिरव्या शेतात मधोमध तुडवलेली रेघ दिसली आणि खांबावर बाण असला, तर चोरट्यासारखी कडेकडेने जाऊ नकोस. सरळ त्या रेघेवरून चाल. कडेने गेलीस तर उलट पिकाचं नुकसान आणि हक्काबाहेरचं चालणं.

हे हक्क सुखासुखी मिळाले नाहीत. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर-शेफील्डकडची शेकडो कामगार पोरं डर्बीशरमधल्या किंडर स्काउटच्या माळावर बंदी मोडून चढली. पाच जणांना तुरुंगवास झाला. पुढे 1949 मध्ये कायदा झाला आणि कुठली वाट लोकांची हे नकाशावर नोंदवायचं बंधन आलं.

बाणांचे रंग पाठ कर. पिवळा बाण फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. निळा बाण घोडेस्वार आणि सायकलवाल्यांसाठीही. लाल बाण असेल तर तिथून मोटारही येऊ शकते. हक्क फक्त ये-जा करण्याचा आहे. क्षणभर टेकायला हरकत नाही, पण सतरंजी पसरून पंगत मांडायची ती जागा नव्हे. पंगतीसाठी बर्नहॅम बीचेससारखी सार्वजनिक राखीव रानं आहेत. खाजगी रानातून वाट जात असेल तर वाटेवरच राहा. चुकून बाहेर गेलीस आणि मालकाने हटकलं तर "सॉरी" म्हणून वाट विचार. बहुतेक जण नीट सांगतात.

मे महिन्यात मोहरीच्या जातीचं पीक शेतंच्या शेतं पिवळी करतं. आपल्या लोकांना सिनेमा आठवतो आणि साड्या नेसून मंडळी पिकात घुसतात. ते कुणाच्या तरी कष्टाचं पीक आहे. फोटो वाटेवरून काढ, तोही छान येतो.

दारं, गाई, घोडे

शेताचं दार जसं असेल तसंच ठेवायचं. उघडं दिसलं तर उघडं, बंद दिसलं तर बंद. उघडं ठेवण्यामागे बहुधा गुरांना पाण्यापर्यंत जाता यावं असा हेतू असतो. आपण शहाणपणा करून लावलं तर गुरं तहानेली राहतात. माणूस जाईल पण गाय जाणार नाही अशी, अर्धगोल कठड्यात फिरणारी दारं असतात, त्यांना किसिंग गेट म्हणतात. बाबागाडी त्यातून जात नाही. लहान मूल असेल तर पाठीवर बांध.

गाय दिसली की हात लावून नमस्कार करायला धावू नकोस. इथल्या गाईंना माणसाच्या हाताची सवय नसते. वासरं बरोबर असतील तर लांबून वळसा घाल, वासरू आणि आई यांच्या मध्ये कधीही जाऊ नकोस. गुरं कुतूहलाने मागे आली तर पळू नकोस, शांतपणे चालत राहा. बरोबर कुणाचं कुत्रं असेल तर ते साखळीत हवं, पण गुरं अंगावर आलीच तर साखळी सोडून द्यायची. गुरांचा राग कुत्र्यावर असतो आणि कुत्रं पळून स्वतःला वाचवतं. बर्नहॅम बीचेसमध्ये काही गाई गळ्यात पट्टा बांधलेल्या दिसतील. त्यांना अडवणारं कुंपण दिसत नाही, पट्टाच त्यांना हद्द सांगतो. जुनी चराई परत आणली आहे ती रानाच्या भल्यासाठीच, तेव्हा त्यांना डब्यातलं काही खायला घालू नकोस. एका भागात कुत्री बांधूनच न्यायचा नियम आहे, तोही बघ.

घोडेस्वार आला तर एका बाजूला थांब आणि "मॉर्निंग" म्हण. माणसाचा आवाज ऐकला की घोडा बुजत नाही. पदपथ नसलेल्या अरुंद गावरस्त्यावर उजव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, एकामागे एक चाला. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला मान हलवून एक शब्द बोलायची इथे पद्धत आहे. लंडनच्या गाडीत कुणी बोलत नाही म्हणून रानातही बोलत नाहीत असं समजू नकोस.

हात कुठे लावायचा, कुठे नाही

ब्लूबेलच्या पानांवर पाय पडला की ती चिरडलेली पानं पुन्हा उभी राहत नाहीत. खालचा कंद उपाशी राहतो आणि सावरायला त्याला वर्षं लागतात. अ‍ॅशरिजच्या डॉकी वुडमध्ये तुडवणी इतकी वाढली की बहराच्या दिवसांत तिथे वाटा आखून तिकीट लावावं लागलं. तेव्हा फुलांत बसून फोटो नाही म्हणजे नाही. पांढऱ्या वुड अ‍ॅनिमनीचा ताटवा दिसला तर आणखी जप. शंभर वर्षांत तो जेमतेम दोन मीटर पसरतो, म्हणून तो दिसला की रान जुनं अशी खूणगाठ बांधतात. कुठलंही रानटी रोप मालकाच्या परवानगीशिवाय मुळासकट उपटणं हा 1981 च्या कायद्याने गुन्हा आहे. कुंडीत लावायला एखादा कंद घेऊ का, असं मनातही आणू नकोस.

फळांचं तसं नाही. ऑगस्टच्या शेवटापासून कुंपणांवर ब्लॅकबेरी पिकते. घरापुरती तोडायला हरकत नसते, विकायला मात्र नाही. कंबरेच्या वरची तोड, खाली कुत्री फिरतात. वेलीवरची सगळी ओरबाडू नकोस, पाखरांना ठेव. इथले जुने लोक सप्टेंबरच्या 29 तारखेनंतर ब्लॅकबेरी खात नाहीत, सैतान तिच्यावर थुंकतो म्हणतात. सैतानाचं माहीत नाही, पण तोवर फळ खरंच पाणचट होतं आणि त्याला बुरशी धरते. ऑक्टोबरात चेस्टनट मिळतात, पण दोन झाडांची गल्लत होते. बारीक दाट काट्यांचं, साळिंदरासारखं कवच असेल तर ते खायचं. मोजके जाड काटे असलेलं हिरवं कवच हॉर्स चेस्टनटचं, ते विषारी. मुलं त्याच्या बिया दोऱ्यात ओवून खेळतात, तेवढंच.

अळंबी मात्र बघायची, तोडायची नाही. बर्नहॅम बीचेस, एपिंग फॉरेस्ट अशा रानांत तोडायला बंदीच आहे. बंदी नसेल तिथेही माझी मनाई आहे, कारण ओक आणि बीचखालीच डेथ कॅप नावाची अळंबी उगवते. आशियात भाताच्या पेंढ्यावर होणाऱ्या अळंबीसारखी ती दिसते, त्यामुळे तिकडून आलेले लोक तिला फसतात. शिजवूनही तिचं विष जात नाही. उलट्या सुरू व्हायलाच कित्येक तास लागतात आणि तोवर यकृतावर घाला पडलेला असतो. पावसाळ्यात गावाकडे आजी अळंबी ओळखायची, ती ओळख इथे चालत नाही.

पडलेला ओंडका हलवू नकोस. कुजणाऱ्या लाकडात भुंगेरे, अळंबी, कीटक यांचं सारं गाव असतं, आणि जुन्या रानाची अर्धी श्रीमंती त्या मेलेल्या लाकडात आहे. आणखी एक, स्पष्टच सांगते. वटपौर्णिमेला ओकला दोरा गुंडाळू नकोस आणि गणपतीचं निर्माल्य रानातल्या तळ्यात सोडू नकोस. भक्ती खरी असली तरी दोरा सालीत रुततो आणि तळ्याचं पाणी नासतं.

गोचीड आणि बाकीचे

वाघ-बिबट्यांची भीती नाही. विषारी साप एकच, अ‍ॅडर. तो माळावर ऊन खात पडलेला असतो आणि माणसाची चाहूल लागली की निघून जातो. संध्याकाळी कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू आलं तर घाबरू नकोस, ते मुंटजॅक असतं, आपल्या भेकराच्या जातीतलं चिनी हरीण. वर तांबूस, दुभंगलेल्या शेपटीची घार घिरट्या घालेल. चिल्टर्नमध्ये ती पार संपली होती, 1989 ते 1994 मध्ये स्पेनहून पिल्लं आणून सोडली तेव्हा परत आली. तिला खायला टाकू नकोस, नाहीतर पुढच्या माणसाच्या हातातला सँडविच ती उचलते.

खरी काळजी घ्यायची ती गोचिडीची. नेच्यांत आणि उंच गवतात ती तिळाएवढी, कधी खसखशीएवढी असते. पॅन्टचे पाय मोज्यांत खोच. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, जांघेत, मुलांच्या केसांत नीट बघ. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढ. तेल, तंबाखू, काडी पेटवून चटका असले गावठी उपाय करू नकोस, त्याने ती आणखी ओकते. जागा साबणाने धू आणि तारीख लिहून ठेव. पुढच्या तीन महिन्यांत तिथे पसरत जाणारा चट्टा उठला किंवा फ्लूसारखं अंग मोडून आलं, तर डॉक्टरांना गोचिडीचं आवर्जून सांग. काही गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो आणि वेळेवर अँटिबायोटिक घेतली तर तो बरा होतो. पुस्तकांतल्या चित्रात तो चट्टा गोऱ्या कातडीवर लालभडक दाखवतात. आपल्या सावळ्या कातडीवर तो जांभळट किंवा तपकिरी दिसतो आणि सहज नजरेतून सुटतो, हे लक्षात ठेव.

वादळी वाऱ्याच्या दिवशी रानात जायचंच नाही. ऑक्टोबर 1987 च्या एका रात्रीच्या वादळात दक्षिण इंग्लंडात अंदाजे दीड कोटी झाडं पडली. बीचचा तर वारा नसतानाही, उन्हाळ्याच्या स्तब्ध दुपारी, मोठी फांदी मोडून खाली पडायचा लौकिक आहे. म्हणून जुन्या बीचखाली पंगत मांडू नकोस. त्यात झाडाचंही भलं आहे. सारखे पाय पडून माती घट्ट झाली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही.

झाडाचं वय आणि मुलांचा विरंगुळा

पुढे मुलंबाळं होतील, त्यांना नुसतं "बघ किती छान" म्हणून रान आवडत नाही. त्यांना काम दे. झाडं मोजणारे अ‍ॅलन मिचेल यांचा एक ढोबळ हिशेब आहे. जमिनीपासून पाच फुटांवर खोडाचा घेर मोजायचा. मोकळ्यावर वाढलेलं झाड असेल तर जेवढे इंच तेवढी वर्षं, दाटीतलं असेल तर दुप्पट. शिवणाची मोजपट्टी ने, नसेल तर ओढणीने मोजून घरी पट्टीवर धर. पोलार्ड सावकाश वाढतात, त्यांचं वय या हिशेबापेक्षा जास्तच निघतं. ज्याच्याभोवती कठडा आहे त्या झाडाला मात्र लांबूनच बघायचं.

शेताच्या कडेच्या जिवंत कुंपणाचाही असाच एक हिशेब आहे. तीस यार्डांत झाडा-झुडपांच्या जेवढ्या जाती, तेवढी शतकं त्या कुंपणाचं वय, असा मॅक्स हूपर यांचा आडाखा. तो सगळीकडे लागू पडत नाही असं पुढे दिसलं, तरी त्या निमित्ताने मुलं हॉथॉर्न, हेझल, फील्ड मेपल ओळखायला शिकतात.

मंडळाची सहल काढायची असेल तर

तीस-चाळीस जण नेणार असाल तर आधी त्या रानाच्या कचेरीला कळव. स्पीकर घरी ठेवा. अंताक्षरी खेळा, पण हळू आवाजात. शेगडी, बार्बेक्यू, निखारे यांना बंदी असते. उन्हाळ्यात एका ठिणगीने माळ पेटतो. केळ्याचं आणि संत्र्याचं साल कुजतंच म्हणून टाकून देऊ नका. इथल्या थंडीत ते महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. जे नेलं ते सगळं परत आणायचं.

परतताना जवळच्या गावच्या पबमध्ये टेकायला हरकत नाही, दारू न पिणाऱ्यांनाही चहा-कॉफी मिळते. कुणी टेबलाशी विचारायला येईल म्हणून वाट बघत बसू नका, काउंटरवर जाऊन सांगायचं आणि तिथेच पैसे द्यायचे. दुपारी अडीचनंतर बऱ्याच पबांचं स्वयंपाकघर बंद असतं. चिखलाचे बूट आत चालतील का, ते दारातच विचारा. वेळ असेल तर तिथून थोड्या अंतरावरच्या स्टोक पोजेसच्या चर्चला जा. थॉमस ग्रे हा कवी तिथल्या दफनभूमीत पुरला आहे. 1751 मध्ये छापली गेलेली त्याची विलापिका आमच्या पिढीला कॉलेजात होती. हाच ग्रे 1737 मध्ये बर्नहॅमच्या बीच झाडांविषयी मित्राला कौतुकाने लिहून गेला आहे.

एवढं सगळं एका दिवसात जमणार नाही आणि जमवायचंही नाही. पहिल्या खेपेला फक्त ड्रुइड्स ओक आणि तळी बघून या. पण जाल तेव्हा रीतीने जा. दुसऱ्यांदा निघालात की नव्याने आलेल्या एखाद्या मराठी घराला बरोबर घ्या आणि ही रीत त्यांना चालता चालता सांगा.